दहा अक्षरी महाराष्ट्र

‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती? दुसरीतलं पोरही बोटांवर मोजून सांगेल: म, हा, रा, ष्ट्र. चार. हाच प्रश्न संगणकाला विचारलात तर तो दहा म्हणेल, आणि त्याच्या हिशेबाने तेही खोटं नाही. या चार आणि दहाच्या मधल्या फटीत माझा पाय अडकला. तोही घरात एकटी असताना नाही, तर वाचनालयाच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर मुलं आणि त्यांच्या आईबापांसमोर, 27 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन मराठी भाषा गौरव दिनी.

माझा धंदा प्रोग्रॅमिंगचा. व्यापाऱ्यांची बिलं, गोदामातला माल, जीएसटीचे तक्ते. त्यात मराठी मजकूर आला तरी ग्राहकाच्या नावापुरता. तो इकडून घ्यायचा, तिकडे छापायचा. आत डोकावून बघायची वेळ वीस वर्षांत कधी आली नव्हती. मग एक दिवस आमच्या मराठीच्या बाईंचा फोन आला. निवृत्त होऊनही त्यांना स्वस्थ बसवत नाही.

‘‘अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? मुलांसाठी एक खेळ कर. शब्द द्यायचा, त्यातली अक्षरं क्रमाने घेऊन जेवढे शब्द होतील तेवढे कॉम्प्युटरने काढायचे. मुलांनी आधी काढायचे, मग कॉम्प्युटरने. बघू कोण जिंकतं.’’

‘‘करते की बाई. दोन संध्याकाळचं काम आहे,’’ मी म्हणाले.

चूक इथेच झाली. बाई ‘क्रमाने’ म्हणाल्या आणि मी ‘क्रम बदलून’ ऐकलं. आमच्या धंद्यात ‘ऑर्डर’ हा शब्द कानावर पडला की डोक्यात पर्म्युटेशनच येतं. बाईंना हवं होतं ते वेगळं: क्रम मोडायचा नाही, मधली अक्षरं गाळायची. ‘कमळ’ घ्या. क्रम राखून दोन किंवा अधिक अक्षरं उचलली तर कम, कळ, मळ आणि कमळ. संपलं. चार. क्रम बदलायची मुभा दिली तर हेच बारा होतात आणि वाढलेल्या आठांत ळक, ळम, ळमक असलं काहीतरी हाती येतं. क्रम राखला तर प्रत्येक अक्षराला दोनच वाटा असतात, आत किंवा बाहेर. म्हणून दहा वस्तूंचे 1,023 गट होतात. क्रम बदलला तर त्याच दहा वस्तूंच्या एकपासून दहापर्यंतच्या सगळ्या लांबीच्या मांडण्या मिळून 98,64,100. हजार कुठे आणि अठ्ठ्याण्णव लाख कुठे! बाईंना परत फोन करून ‘म्हणजे नक्की कसं?’ एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटं गेली असती.

तेव्हा कामाला बसण्याआधी पहिली गोष्ट ही करा. काम सांगणाऱ्याकडून एक तीन अक्षरी शब्द घ्या आणि त्याची उत्तरं त्यांच्याच हातून कागदावर लिहून घ्या. बाईंनी चार ओळी लिहिल्या असत्या. मी बारा लिहिल्या असत्या. भांडण तिथेच मिटलं असतं.

आता प्रोग्रॅम. पायथनमध्ये इटरटूल्स नावाचा तयार संच आहे, त्यात पर्म्युटेशन्स आहे. शब्द द्या, लांबी द्या, मांडण्या घ्या. प्रत्येक मांडणी माझ्या साठेक हजार शब्दांच्या यादीत आहे का बघायचं, असली तर पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायची. तोच शब्द दोनदा येऊ नये म्हणून आलेली प्रत्येक मांडणी एका लिस्टमध्ये टाकत गेले आणि नवी मांडणी त्या लिस्टमध्ये आधीच नाही ना, हे दर वेळी तपासत गेले. मुलांना गंमत वाटावी म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात चाललेली मांडणी भराभर फिरताना दिसेल अशीही सोय केली. चाचणीला ‘मराठी’ हा शब्द घातला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तरं आली: मठ, माठ, मार, मीठ, ठार वगैरे. ‘मीठ’ बघून तर मी खूश झाले. आपल्याला सुचलं नसतं, मशीनने काढलं!

मराठीत मीठ आलं कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. म, रा, ठी या तीन अक्षरांत ‘मी’ नाहीच. प्रोग्रॅमने ‘ठी’ची वेलांटी काढून ‘म’ला लावली होती. संगणकाच्या लेखी ‘मराठी’ ही पाच सुट्या खुणांची माळ आहे: म, र, काना, ठ, वेलांटी. युनिकोडमध्ये यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो, त्याला आम्ही कोडपॉइंट म्हणतो. पायथनने या पाच खुणा पिसल्या. इंग्रजी शब्दात असं केलं तर निभावतं, कारण तिथे खूण आणि अक्षर बहुधा एकच. आपल्याकडे काना म्हणजे अक्षर नव्हे. पण उत्तरं गोड लागली म्हणून मी स्वयंपाक बघितलाच नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कमळ झालं, मराठी झालं, मुलं रंगात आली. एका आजोबांनी मागून आवाज दिला, ‘‘आता महाराष्ट्र घ्या.’’ टाळ्या. मी शब्द टाइप केला आणि एंटर दाबलं.

पडद्यावर पहिल्यांदा आलं ‘मर’. मग ‘महा’. मग ‘मार’, ‘मरा’, ‘हार’. भाषेच्या गौरव दिनी हे असं! मुलं हसायला लागली. तेवढ्यात ‘राम’ आला आणि पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, ‘‘वाल्या कोळ्याची गोष्ट झाली ही.’’ खरंच होती. मरा आणि राम, अक्षरं तीच, क्रम वेगळा. मोजणी न करता निवड आणि मांडणी यांतला फरक सांगायचा तर याहून चांगलं उदाहरण मला आजही सापडलेलं नाही.

मग कोपऱ्यातल्या फिरत्या अक्षरांचा वेग मंदावला आणि मुलांना ती वाचता यायला लागली. ‘‘बाई, हे टिंबांचे गोल काय आहेत?’’ एकीने विचारलं. काना एकटाच पुढे आला, त्याला धरायला व्यंजन नसलं की संगणक तिथे टिंबांचं रिकामं वर्तुळ काढतो आणि त्याला काना लावतो. माझा पडदा असल्या निराधार कान्यांनी आणि पाय मोडलेल्या ष, टांनी भरला होता. त्यातून शब्द मात्र एकही येईना. एक मुलगा ओरडला, ‘‘राष्ट्र!’’ सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर राष्ट्र नव्हतं. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुमायला लागला. शेवटी बाईच उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुलं जिंकली!’’ मी वायर काढली.

घरी येऊन कागद घेतला. जे पंधरा दिवस आधी करायचं ते तेव्हा केलं. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र: दहा खुणा. दोन अक्षरी ‘राष्ट्र’ संगणकाच्या हिशेबात सात खुणांचा शब्द. म्हणजे एक ते सहा खुणांच्या सगळ्या मांडण्या संपल्याशिवाय त्याचा नंबर येणारच नव्हता. सहा खुणांच्याच मांडण्या 1,51,200, सात खुणांच्या 6,04,800. आणि प्रत्येक नव्या मांडणीसाठी मी ती वाढत जाणारी लिस्ट पहिल्यापासून चाळत होते. लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक नव्या पाहुण्याला दारात थांबवायचं आणि आत बसलेल्या सगळ्यांचे चेहरे बघून यायचं, हा आधीच आला नाही ना! शंभर पाहुणे असतील तर चालेल. लाखाच्या घरात गेल्यावर नवा पाहुणा नुसता उभाच राहणार. दहाही खुणांपर्यंत प्रोग्रॅम चालू ठेवला असता तर तुलनांची संख्या लाखो कोटींत गेली असती.

लिस्टच्या जागी सेट वापरला असता तर ‘आधी आलाय का’ हे जवळपास एका झटक्यात कळलं असतं. पण सेट हे औषध नाही, वेदनाशामक आहे. तो वेळ वाचवतो, मेमरी खातो, आणि आधी सगळं जन्माला घालून मग डुप्लिकेट मारण्याचा उद्योग तसाच राहतो. इटरटूल्सचं पर्म्युटेशन्स जागा बघतं, मूल्य बघत नाही. ‘महाराष्ट्र’तले दोन काने त्याच्या दृष्टीने दोन वेगळे इसम. दहाही खुणांच्या मांडण्या ते 36,28,800 देतं. काना दोन, र दोन, हलन्त दोन म्हणून खऱ्या वेगळ्या असतात त्याच्या आठव्या भागाइतक्या, 4,53,600. आठातल्या सात वेळा मशीन तेच दळण परत दळत होतं.

त्याच रात्री हिशेब करताना एक गोष्ट आठवली आणि मी एकटीच हसले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. ग्रंथ 1150 चा. त्यात त्यांनी विचारलंय की शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ अशा दहा वस्तू आहेत, त्या हातोहाती बदलल्या तर मूर्तीची रूपं किती होतील? आणि हरीच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ आणि शंख बदलली तर? उत्तरं आहेत 36,28,800 आणि 24. दहाचं आणि चारचं. माझ्या ‘महाराष्ट्र’चेही नेमके हेच दोन आकडे. अक्षरं चार धरली असती तर पूर्ण लांबीच्या मांडण्या चोवीस, सगळ्या लांबीच्या मिळून चौसष्ट. मी हरीचं गणित सोडून शंभूचं करत बसले होते. बरं, पुनरावृत्तीचा प्रश्नही तिथे सोडवलेलाच आहे: 2, 2, 1, 1 या अंकांच्या संख्या सहाच होतात आणि 4, 8, 5, 5, 5 यांच्या वीस. सगळ्यांच्या मांडण्या काढा, प्रत्येक सारख्या गटाच्या मांडण्यांनी भागा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता आणि तिथे त्यांचे ग्रंथ शिकवले जात. पाटणला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो. मला आठवतात ती देवीच्या वाटेवरची माकडं.

आता असं काम अंगावर आलं तर मी काय करते, ते सांगते.

आधी अक्षरं तोडून घेते. मराठी अक्षर म्हणजे सुटा स्वर, नाहीतर व्यंजन, त्याला हलन्ताने जोडलेली पुढची व्यंजनं, मग काना-मात्रा-वेलांटी-उकार, आणि शेवटी अनुस्वार असेल तर तो. हा सगळा एक तुकडा. एकदा तुकड्यांची यादी झाली की पुढच्या प्रोग्रॅमला तो तुकडा ‘म’ आहे की ‘ष्ट्र’ याची फिकीर उरत नाही. हे तोडण्यासाठी तयार लायब्रऱ्या आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. युनिकोडचा जुना नियम हलन्तापाशी अक्षर तोडायचा. त्यामुळे जुनी लायब्ररी ‘महाराष्ट्र’ची सहा अक्षरं सांगते: म, हा, रा, ष्, ट्, र. 2023 साली आलेल्या युनिकोड 15.1 ने देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरायला सुरुवात केली. तुमची लायब्ररी त्याच्या अलीकडची की पलीकडची, हे ‘ष्ट्र’ घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

मग डुप्लिकेट. ते मारायचे नसतात, जन्मालाच येऊ द्यायचे नसतात. त्यासाठी अक्षरांची नुसती रांग करू नका, शिधा मोजून ठेवा: क दोन, म दोन. प्रत्येक रिकाम्या जागेवर ‘कोणकोणत्या प्रकारचं अक्षर शिल्लक आहे’ एवढंच विचारा. क दोन असले तरी त्या जागेवर क एकदाच बसून बघेल. दुसरा रस्ता पुढची मांडणी काढण्याचा. अक्षरं चढत्या क्रमाने लावायची: ककमम. उजवीकडून डावीकडे येत अशी पहिली जागा शोधायची जिथलं अक्षर उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान आहे. तिच्या उजवीकडे, सगळ्यात शेवटी जे तिच्याहून मोठं अक्षर असेल त्याच्याशी अदलाबदल करायची आणि मागची शेपटी उलटी करायची. कमकम, कममक, मककम, मकमक, ममकक. पुढे अशी जागा सापडत नाही, संपलं. ककमम धरून सहा, भास्कराचार्यांच्या उत्तराइतक्याच. एकही दोनदा नाही, आणि लक्षात ठेवावी लागते ती फक्त हातातली एक मांडणी. सी प्लस प्लसमध्ये हीच रीत नेक्स्ट पर्म्युटेशन या नावाने तयार मिळते. तिचं मूळ नारायण पंडितांच्या 1356 च्या ‘गणितकौमुदी’पर्यंत जातं, अशी नोंद डोनाल्ड नुथ यांनी केली आहे. फक्त सुरुवात चढत्या क्रमानेच करा. मधूनच सुरू केलीत तर आधीच्या मांडण्या गुपचूप गळतात आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही.

शब्दकोशाशीच जुळवायचं असेल तर सगळ्या मांडण्या काढायचीही गरज नसते. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही. तेव्हा ळ पहिला बसला की ती अख्खी फांदी तिथेच छाटा. त्याहून सोपं म्हणजे उलटं जा. माझ्या यादीत शब्द साठ हजार आणि दहा खुणांच्या मांडण्या अठ्ठ्याण्णव लाख. यादीतला एकेक शब्द घेऊन ‘तुझी अक्षरं या शिध्यात आहेत का?’ विचारणं कितीतरी स्वस्त. मी पर्म्युटेशनच्या नादात हे बघितलंच नाही. ते वापरून दाखवण्याची हौस मला जास्त होती.

अकारविल्हे यादी हवी असेल तर तिथेही संगणकाच्या क्रमावर जाऊ नका. आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे, ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच नंतर बसलाय.

आणि एक छुपा वैरी. एकदा यादीत ‘दऱ्या’ दोनदा आला. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण. मी शहाणपणाने सगळ्या अदृश्य खुणा पुसून टाकल्या. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला, थेट समुद्र! तेव्हा पुसू नका, दोन्ही रूपं एकाच रूपात आणा आणि मग वेगळेपणा तपासा.

तपासणीला माझा ठरलेला शब्द आता ‘मामा’. दोन सारखी अक्षरं, त्यामुळे बरोबर उत्तरं दोनच: मा आणि मामा. चार आली तर डुप्लिकेट अडलेले नाहीत. ‘ममा’ आलं तर काने सुटलेत. ‘मामा’ची दोनाहून जास्त उत्तरं देणारा प्रोग्रॅम आपल्याला मामा बनवतोय, एवढं नक्की. त्यानंतर एक जोडाक्षराचा शब्द आणि एक लांबलचक शब्द घालायचा. कमळ-मराठीवर चाललेलं सगळं चाललं, असं धरायचं नाही.

मुलांचा कार्यक्रम असेल तर पडद्यावर काय येऊ द्यायचं नाही याचीही यादी करा. अक्षरं पिसली की शिव्याही निघतात, कुणाच्या जिव्हारी लागतील असे शब्दही निघतात, आणि मशीनला त्यातलं काही कळत नाही. लोक बघतात ते तुमच्याकडे.

नवा खेळ तयार आहे. क्रम मोडत नाही, बाईंना हवा तसा. ‘महाराष्ट्र’ घातलं की पंधरा मांडण्या होतात आणि एंटरवरून बोट उचलायच्या आत ‘राष्ट्र’ पडद्यावर असतं. येत्या फेब्रुवारीसाठी बाईंनी शब्दही कळवलाय, ‘अमरावती’. कागदावर मोजून ठेवलंय: अक्षरं पाच, खुणा सात, मांडण्या एकतीस. त्यांत मती आहे, राव आहे. ‘मरा’ याही वेळी आहेच, ते मी गाळणीत टाकलंय.